भाऊजींनी मंडई विकायला काढली

आमच्या भंडारा जिल्ह्यात पाऊस, वीज आणि एसटी या तिन्हींच्या वेळेची हमी कोणी देणार नाही. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला येणारा राग आजवर एकदाही उशिरा आलेला नाही. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात, हाक मारताना भाऊजी. तर या भाऊजींचा राग त्यांच्या आधी उठतो, तोंड धुतो आणि ओट्यावर येऊन त्यांची वाट पाहत बसतो. मग भाऊजी येतात, दोघं मिळून चहा पितात आणि दिवसाला सुरुवात होते. वरठीच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी भट्टीजवळ काढली, म्हणून लोक म्हणतात की त्या धगीचा हा परिणाम. ताईचं मत उलटं आहे. ती म्हणते, "भट्टीच यांच्या धगीनं तापत होती. हे रिटायर झाले तवा कारखान्याले दुसरी सोय पाहा लागली असंन."

हा राग अत्यंत निःपक्षपाती आहे. लहान-मोठा, सजीव-निर्जीव असा भेद त्याच्याकडे नाही. गॅसच्या सिलिंडरसाठी फोन लावला की पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई नमस्कार म्हणते. भाऊजी उलट नमस्कार करतात, "बरी हायस ना बाई?" असंही विचारतात. बाई म्हणते, मराठीसाठी एक दाबा. झालं! "नमस्काराले नमस्कार केला, बरं-वाईट विचारलं, तं म्हणते एक दाबा! हे काय बोलनं झालं?" एकदा आम्ही मोटारीने लाखांदूरला निघालो होतो. फोनमधली नकाशावाली बाई म्हणाली, डावीकडे वळा. "ज्या रस्त्यानं मी पायी शाळेत गेलो, तो ही मले शिकवून राहिली?" असं गरजून भाऊजींनी मोटार सरळ नेली. सरळ पुढे एका शेतकऱ्याची धानाची बांधी होती. दरवाजापर्यंत चिखलात रुतलेल्या मोटारीत बसून हा माणूस विजयाने म्हणतो, "पाहा साळेबुवा, आता कशी गप बसली!"

पण या रागाची खरी गंमत अशी की तो आणि आदरातिथ्य एकाच भांड्यात शिजतात. दुसऱ्याला जेवू घालताना भाऊजींचा आवाज जितका चढतो, तितका भांडताना चढत नाही. "भात घेतल्याशिवाय उठला तं तंगडं तोडीन" हे त्यांचं सर्वांत प्रेमळ वाक्य. भंडाऱ्यातल्या एका लग्नात लोक ताटं घेऊन रांगेत उभे दिसले, तेव्हा त्यांचं डोकं असं फिरलं की केटररच्या हातातला झारा त्यांनी हिसकावून घेतला, पाहुण्यांना दरडावून जमिनीवर पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढायला लागले. मुलीच्या बापाला वाटलं हाच केटरर. त्याने वरणात मीठ कमी असल्याची तक्रार भाऊजींकडे केली. भाऊजींनी केटररच्या वतीने त्या बापाशी भांडण केलं. पाण्याचं फिल्टर विकायला आलेल्या एका पोराला त्यांनी मनसोक्त फैलावर घेतलं, मग पोटभर जेवू घातलं, फिल्टर काही घेतलं नाही. तो पोरगा पुढच्या महिन्यात बरोबर जेवणाच्या वेळेला पुन्हा आला, आणि या वेळी त्याने फिल्टर आणलंही नव्हतं.

अशा माणसाचा सणांचा सण म्हणजे मंडई. परजिल्ह्यातल्या वाचकांनी भाजीची मंडई डोळ्यापुढे आणू नये. दिवाळी झाली, धान कापणीला आलं, की आमच्या झाडीपट्टीतल्या एकेका गावाचा एकेक दिवस ठरतो. त्या दिवशी गावात बाजार भरतो, दंडार नाचते, रात्री नाटक होतं, आणि घरोघर पाहुण्यांचा पूर येतो. आमंत्रण कोणी देत नाही, येतो म्हणून कोणी कळवत नाही. त्या दिवशी घराची इज्जत दारातल्या चपलांवर ठरते. वैनगंगेचा पूल ओलांडून, कारधा मागे टाकून थोडं आत गेलं की भाऊजींचं गाव. एकेकाळी मंडईच्या दिवशी त्यांच्या अंगणात चपलांमधून वाट काढावी लागे. लाखांदूरकडची मंडळी सकाळच्या एसटीने उतरली की ती गर्दी पाहून कंडक्टर विचारायचा, "यांच्याकडं लग्न हाय काय जी?"

मग एकेक पाहुणा गळाला. एका चुलतभावाने जेवता जेवता दुसऱ्या गावच्या नाटकाची तारीफ केली; भाऊजींनी त्याच्या ताटात वाढता वाढता त्याची सात पिढ्यांची अक्कल काढली. दुसऱ्याने वडे मोजून खाल्ले म्हणून, तिसऱ्याने डॉक्टरने तेल बंद केलंय असं सांगितलं म्हणून. चौथा नुसता घड्याळाकडे पाहत होता. लेक पुण्याला नोकरीला गेली, तिला रजा मिळेना. गेल्या मंडईला तर दारात चपलांचा एकच जोड होता, तो माझा. आणि साळा हा पाहुण्यात धरत नाहीत. भाऊजी सकाळपासून ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. नाटकाची घोषणा करणारा भोंगा सुरू झाला तेव्हा ते उठले आणि न जेवता आत जाऊन झोपले. एकही शब्द न ओरडता! ताईने भरलेला गंज, म्हणजे जेवणाचं मोठं पातेलं, शेजारीपाजारी वाटून टाकलं आणि मला हळूच म्हणाली, "बाबू, पुढच्या साली बी कोणी नाही आलं, तं हा माणूस मंडई करनं सोडून देईल. आन मंडई सोडली तं याच्यात काय राहते, सांग मले."

हे सगळं सांगायचं कारण, यानंतर जे घडलं ते वरवर पाहता धंद्याचं वाटतं. ते धंद्याचं नव्हतं.

पुण्याच्या लेकीने फोनवर एक फोटो पाठवला. ती आणि जावई कुठल्याशा शेतावरच्या बाजेवर बसून भाकर खात होते. खाली लिहिलं होतं, अस्सल ग्रामीण अनुभव. भाऊजींनी सहज विचारलं, कोणाकडे गेली होतीस? ती म्हणाली, ओळखीचे नाहीत बाबा, ऑनलाइन बुक केलं. माणशी पैसे भरून.

मी तेव्हा तिथेच होतो. भाऊजींचे कान आधी लाल झाले, मग मान, मग टक्कल. "पैसे भरून बाजेवर बसली! आपल्या घरी बाजा नाहीत काय? बापाच्या बाजेवर ढेकून हायत काय? मंडईले ये म्हटलं तं रजा नाही, आन परक्याच्या बाजेवर बसाले रजा हाय?" दुपारभर बाजा, भाकरी, पुणे, शनिवार-रविवार आणि जावई यांचा यथेच्छ समाचार घेऊन झाल्यावर ते एकदम थांबले. डोळे बारीक केले. "पैसे देऊन लोक बाजेवर बसाले येतात म्हनता? मंग मी बी विकतो. मी मंडई विकतो!"

ताईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही कळलं होतं, की या माणसाला गिऱ्हाईक नको होतं. त्याला अंगणात चपला हव्या होत्या.

सहली आणि असले अनुभव विकणाऱ्या वेबसाइटी कितीतरी आहेत, आणि त्यांचा अभ्यास माझ्यावर सोपवण्यात आला. मी पोस्टातला माणूस, त्यामुळे कंटाळवाणं वाचायची मला सवय. अभ्यासातून एवढं निघालं: मोठ्या वेबसाइटीवर गिऱ्हाईक भरपूर, पण ती आपल्या कमाईतला मोठा वाटा घेते आणि पाहुण्याची ओळख आपल्यापासून लपवते; लहान वेबसाइट वाटा कमी घेते, पण तिच्या दारात काळं कुत्रं फिरकत नाही. शहाणी माणसं दोन-तीन ठिकाणी नाव लावतात आणि तारखांचा मेळ ठेवतात. मी हे भाऊजींना समजावून सांगितलं. त्यांनी माझा अभ्यास एका फुंकरीने उडवला. "हे स्थळ पाहायचं काम हाय, साळेबुवा. आपली मंडई कोणाच्या घरात द्यायची ते आधी घर पाहून ठरते. मानसं कशी हायत, बोलतात कशी, आवाज देल्यावर बाहेर येतात का नाही." गावातल्या निम्म्या पोरींची लग्नं यांनी जुळवलेली आणि उरलेल्या निम्म्यांची यांनीच मोडलेली, त्यामुळे त्यांच्या अधिकाराविषयी शंका नव्हती.

पहिलं स्थळ परदेशी. जगभर नाव, झगमगीत. भाऊजींनी त्यांच्या मदतीच्या खिडकीत माझ्याकडून टाइप करून घेतलं: तुमचं गाव कोणतं, घरी कोण कोण आहे? उत्तर आलं: आपला प्रश्न कशाबद्दल आहे, पैसे की रद्द करणे? भाऊजींनी पुन्हा विचारलं: मालक घरी आहेत का? उत्तर तेच, पैसे की रद्द करणे. असं तासभर चाललं. भाऊजींचा आवाज वाढत गेला आणि त्या यंत्राची नम्रता. शेवटी त्याने विचारलं, आपल्याला या संवादाला किती तारे द्यायला आवडतील? मी फोन वेळेवर हिसकावला नसता, तर तो विहिरीत गेला असता. "ज्या घरात हाक मारल्यावर मानूस बाहेर येत नाही, त्या घरात सोयरीक करत नसतात. नापास!"

दुसरं स्थळ मोठ्या शहरातलं, देशी. इथे माणसं होती, पण रोज वेगळी. सोमवारी ज्याला झापलं, तो मंगळवारी नसे. त्यामुळे भाऊजींना सगळं भांडण पहिल्यापासून सुरू करावं लागे आणि याचा त्यांना भयंकर संताप येई. प्रत्येक जण गोड आवाजात सर म्हणायचा. त्यातला एक जण म्हणाला, "सर, मंडई असं कोणी सर्च करत नाही. आपण जंगल सफारी टाकू. एक वाघाचा फोटो लावू, फुल बुकिंग होईल."

"कोणाचा वाघ?" भाऊजींनी विचारलं.

"कोणाचाही, सर."

आता हे ऐकताना मला हसू येत होतं हे कबूल, पण रागही येत होता. आमच्या गावाला दंडार आहे, नाटक आहे, तलाव आहे, लाखोरीच्या डाळीचे वडे आहेत. आणि दूरच्या शहरातल्या एका काचेच्या खोलीत बसलेल्या पोराला ते सगळं झाकायला कोणाचाही वाघ चालत होता! भाऊजी म्हणाले, "पोरा, आमच्या गावात वाघ आला तं आम्ही मंडई बंद ठेवतो. तुले वाघ पायजे असंन तं तूच ये. तुलेच पिंजऱ्यात ठेवतो, तिकीट लावतो." त्यानंतर त्या शहरातून फोन आला नाही.

तिसरं स्थळ नागपूरच्या चार तरुण पोरापोरींनी काढलेलं. फोन उचलला तोच एका मुलीने, पहिल्या घंटीला. भाऊजींनी सवयीने तिला फैलावर घेतलं: तुम्ही वाटा घेता तो कायचा, फोटो चिकटवायचा? लग्न जुळवणारा सुद्धा शेला-नारळावर राजी होते! मुलगी शांतपणे ऐकत होती. मग तिचा आवाज चढला. "काका, तुम्ही ओरडून काहून राहिले? मी पवनीकडची हाय. मले बी ओरडता येते. वाटा नाही द्यायचा तं नका देऊ, पन फोनवर मले बहिरी करू नका!"

भाऊजींनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याकडे असं पाहिलं, जसं जत्रेत हरवलेलं माणूस सापडल्यावर पाहावं. "पवनीची हायस?" ते म्हणाले. "जेवली काय?" सोयरीक पक्की झाली. मी बोलून पाहिलं, की भाऊजी, या वेबसाइटीवर माणसं येत नाहीत, जोडीला ते परदेशीही राहू द्या. "दोन घरी शब्द देत नसतात," ते गरजले. विषय संपला.

मग फॉर्म. आयुष्यात मी अनेक फॉर्म भरले, पण हा भरताना शेजारी दोनदा भिंतीवरून डोकावून गेले. कमाल किती पाहुणे? "पाहुण्याले आकडा असते काय? पुढचा आला तं त्याले परत पाठवू?" अनुभवाचा कालावधी किती तास? "त्याईची इच्छा होईल तवर." त्या कॉलममध्ये इच्छा बसेना. सोपा, मध्यम की कठीण? ताई आतून म्हणाली, "हे घरी असतील तं कठीन लिव्ह." काय समाविष्ट नाही? भाऊजी म्हणाले, "लिव्ह, अपमान." ताई पुन्हा आतून म्हणाली, "अजी, तो तं समाविष्टात टाका."

शेवटी प्रश्न आला रद्द करण्याचा. पाहुण्याने ऐनवेळी रद्द केलं तर पैसे ठेवून घ्यायचे की परत करायचे? भाऊजींना हा प्रश्न कळलाच नाही. "रद्द म्हनजे?" मी सांगितलं. "मंडईचं जेवन रद्द करते कोणी? असं आपन ऐकलं काय?" मी म्हटलं, समजा, कोणाच्या घरी काही झालं. "मंग त्याच्या दुखात आपन त्याचे पैसे दाबून बसाचं? हे फॉर्म बनवनारा मानूस हाय का कोन हाय?" आणि त्यांनी रागारागात स्वतःच्या बोटाने सर्वांत खालचा पर्याय दाबला. त्याचा अर्थ होता, पाहुण्याला अगदी त्या दिवशी सकाळीही फुकटात रद्द करता येईल. कोणी करणारच नाही, याची त्यांना इतकी खात्री होती.

मग वाट पाहणं सुरू झालं. भाऊजी रोज पवनीच्या मुलीला फोन करून भांडत आणि ती रोज पुरून उरत असे. दिवाळी गेली, आणि मंडईच्या आठवडाभर आधी ती फोनवर किंचाळली, "काका, आलं! दोन मानसं! पुन्याचे हायत." नाव दिसत होतं, अनघा क. पूर्ण नाव, फोन नंबर काही नाही. ते पाहुणे दारात आल्यावरच कळणार, असा नियम. "पाहुन्याचं अर्धं नाव?" भाऊजी तडकले. "क म्हनजे काय? मानूस हाय का पहिलीतलं पुस्तक?" पण त्या संतापाला एक तजेला होता. त्यांनी ओटा सारवून घेतला, दोन्ही बाजा नव्या नवारीने विणल्या, गावातल्या प्रत्येकाला दरडावून सांगितलं की आपल्याकडे पुण्याचे पाहुणे येत आहेत. पाहुणे मटण खात नाहीत असं बुकिंगमध्ये लिहिलं होतं, त्यावर एक स्वतंत्र संध्याकाळ संतापण्यात गेली आणि मग बेसनाच्या पाटोडीचा रस्सा ठरला.

मंडईच्या दिवशी सकाळी ताई वडे तळत होती. बाजारातून पिपाण्यांचा आवाज येत होता, शेजारच्या अंगणात चपला वाढत होत्या. तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. बुकिंग रद्द. खाली पाहुण्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या: माफ करा, आम्ही नागपूरपर्यंत आलो होतो, पण रायपूरला आईची तब्येत अचानक बिघडली आहे, दुपारच्या गाडीने थेट तिकडे निघतोय.

मी ते वाचून दाखवलं. भाऊजी ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. ताईचा झारा हवेत थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला गेल्या वर्षीचा तो ओटा आठवला. मग भाऊजींनी पवनीच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, मले नंबर देता येत नाही. मलेच कसंतरी वाटून राहिलं." भाऊजींनी फोन ठेवला. आणि मग, देवाची कृपा, राग आला. तो येताना ऐकू आला, जसा पुलावरून मालट्रक येताना ऐकू येतो.

"थेट जाऊन राहिले? थेट म्हनजे काय? रायपूरची गाडी वरठीवरून जात नाही काय? वैनगंगा ओलांडल्याशिवाय जाते काय? माझ्या दारावरून उपाशी जातात? अवो, डबा काढा! तो मोठा काढा, चार पुडाचा!"

आमच्याकडे जेवायला येऊ न शकलेल्याचं ताट त्याच्या घरी पोचवतात. आजारी असो, बाळंतीण असो, भांडलेला भाऊ असो. पाहुणा नाही आला म्हणून त्याचं पान चुकत नाही. फक्त हे ताट धावत्या गाडीत पोचवायचं होतं, एवढाच फरक. ताईने तिच्या माहेरून आलेला पितळी कड्यांचा डबा भरला: वडे, पाटोडी, भात, वांग्याची भाजी. मी मोटारसायकलवर मागे बसलो, डबा मांडीवर. पुलावर मंडईला येणारी सगळी दुनिया समोरून येत होती, आणि आम्ही तिच्या विरुद्ध, प्रत्येकाच्या मायबापाचा उद्धार करत. वरठीला कारखान्याची पाळी सुटलेली. कामगारांच्या सायकली आणि गाड्यांनी रस्ता तुंबला होता. त्यातल्या निम्म्या लोकांनी भाऊजींना ओळखून वाट दिली. जुना आवाज कोण विसरेल?

गाडी फलाटावर येतच होती. तिथे ती जेमतेम श्वास घेण्यापुरती थांबते. भाऊजी एका टोकापासून पळत सुटले, खिडकीखिडकीत तोंड घालून ओरडत, "अनघा क! अवं पोरी, अनघा क! पुन्याची! कोणत्या बोगीत हायस?" झोपलेली माणसं उठून बसली. एका म्हाताऱ्याने साखळी ओढायला हात वर केला. आणि एका दारात, केस विस्कटलेली, डोळे सुजलेली, तिशीतली एक मुलगी आली. घाबरून म्हणाली, "मी अनघा. काय झालं?"

"काय झालं? रद्द करता, आन वरून काय झालं इचारता?" भाऊजींनी दाराचा दांडा धरला. "मी कारध्याकडचा. मंडईवाला."

ती एकदम रडकुंडीला आली. "काका, खरंच सॉरी. आईला दवाखान्यात ठेवलंय..."

"म्हनून तू उपाशी जाशील? दवाखान्यात उपाशी मानूस काय कामाचा? धर!" मी डबा वर दिला, तिने तो पोटाशी धरला. गाडीने झटका दिला. भाऊजी तिच्याबरोबर चालायला लागले, मग धावायला. "वडे गरम हायत तवर खा! त्या नवऱ्याले बी चार! आईले पाटोडी देजो नोको, तिखट हाय, भात कालवून दे! रडू नोको बे पोरी, ऐकून राहिली काय? भात दे!" फलाट संपत आला तेव्हा त्यांनी शेवटचा दम भरला, "आन डबा परत आनून द्याचा! रिकामा आनला तं याद राख!" ती काहीतरी म्हणाली. हात हलताना दिसला, मग तोही दिसेना.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात काही नव्हतं. शेजारी भिंतीवरून म्हणाला, "का जी, पुन्याचे पाहुने नाही आले काय?" मी डोळे मिटून घेतले. पण भाऊजी ओट्यावर टेकले, टोपी काढली आणि सांगितलं, "आले ना. घाईत होते. जेवन घेऊन गेले." त्या दिवशी ते जेवले. दोनदा भात घेतला, आणि रात्री नाटकातल्या राजाला जागेवरून उठून संवादाची आठवण करून दिली.

ताई मात्र त्या डब्यासाठी हळहळते. चार पुडाचा, माहेरचा. पवनीच्या मुलीकडून एवढंच कळलं, की आई दवाखान्यातून घरी आली. पुढे काही नाही. परवा मी भंडाऱ्याहून येताना ताईसाठी एक नवा डबा विकत घेऊन गेलो. भाऊजींनी तो पाहिला आणि मी ओरडण्याची वाट पाहत उभा राहिलो. ते ओरडले नाहीत. डबा त्यांनी पिशवीत परत ठेवला, पिशवी माझ्या हातात दिली.

"नोको," ते हळू म्हणाले. "उद्या ते डबा घेऊन आले, आन घरात हा नवा दिसला, तं त्याईले वाटंन, यायनं आपली वाटच नाही पाहिली."